डम्पिंग ग्राउंडच्या वायूपासून वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कचऱ्यापासून वीज’ ही घोषणा निवडणुकीच्या हंगामात हमखास कानावर पडते. तिच्या पोटात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात: कचरा जाळून वीज, ओल्या कचऱ्याच्या बायोगॅसवर वीज आणि डम्पिंगच्या ढिगात साठलेला वायू ओढून त्यावर वीज. इथे फक्त तिसरीबद्दल बोलायचे आहे. पहिल्या दोन वाटेत जिथे आडव्या येतील तिथे त्यांचाही उल्लेख होईल.

ढिगात वायू तयार तरी कसा होतो?

भाजीची देठे, शिळा भात, फळांच्या साली, ओला झालेला कागद असे सगळे डम्पिंगवर पडते, त्यावर बुलडोझर फिरतो, मग दुसऱ्या दिवशीचा थर येतो. आतली हवा थोड्याच दिवसांत संपते. हवेवर जगणारे जंतू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे कामाला लागतात. आधी अन्न कुजून आम्ले बनतात, मग त्या आम्लांवर मिथेन तयार करणारे जंतू पोसले जातात. कचरा पडल्यापासून काही महिन्यांत ही साखळी सुरू होते आणि पुढे अनेक वर्षे चालते.

निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि निम्म्याला थोडा कमी कार्बन डायऑक्साइड असतो. बाकी नायट्रोजन, थोडी वाफ, हायड्रोजन सल्फाइड आणि शेकडो सेंद्रिय संयुगे अगदी किरकोळ प्रमाणात. जळतो तो मिथेन. प्लास्टिक, राडारोडा, काच यांतून वायू निघत नाही; म्हणून ढीग कितीही उंच असला तरी त्यात कुजणारे किती, हा प्रश्न आधी विचारायचा.

आपल्याकडच्या कचऱ्यात ओला भाग निम्म्याच्या आसपास किंवा जास्त असतो आणि हवा उष्ण-दमट. त्यामुळे कुजणे झपाट्याने होते. ऐकायला हे चांगले वाटते, पण वायूचा मोठा वाटा पहिल्या काही वर्षांतच निघून जातो. विहिरी खणायला उशीर केला तर हाती लागते ते उरलेसुरले.

डम्पिंगजवळून जाताना येणारा वास मिथेनचाच ना?

नाही. मिथेनला वासच नसतो. नाकात जातो तो सडक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइड, इतर गंधकयुक्त वायू आणि कुजताना होणारी आम्ले. म्हणून ‘आज वास नाही, म्हणजे वायू नाही’ असे समजणे धोक्याचे आहे.

हायड्रोजन सल्फाइडचा आणखी एक ताप आहे. तो चांदी आणि तांबे खातो. मालाडमध्ये जुन्या डम्पिंगच्या जागेवर उभ्या राहिलेल्या व्यापारी इमारतींत कॉम्प्युटर आणि एसी अवेळी बंद पडण्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्या याच कारणाने. जमीन वरून सपाट केली, हिरवळ लावली, तरी खालचा ढीग आपले काम करतच असतो.

वायू बाहेर काढतात कसा?

आधी ढिगाला आकार देतात, उतार बसवतात आणि वर माती, जाड प्लास्टिकचा थर, पुन्हा माती असे आच्छादन घालतात. मग यंत्राने ढिगात साधारण दोन-तीन फूट रुंदीच्या विहिरी खणतात. विहिरीत भोके पाडलेला एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) पाइप सोडतात, भोवती खडी भरतात आणि तोंडाशी बेंटोनाइट मातीचा बूच बसवतात, म्हणजे वरून हवा आत शिरत नाही. सगळ्या विहिरींचे पाइप एका मोठ्या नळाला जोडलेले असतात आणि टोकाला ब्लोअर. ब्लोअर हलकासा ओढ लावतो, वायू त्या दिशेने येतो.

यात सगळे कसब त्या ‘हलकासा’ शब्दात आहे. प्रत्येक विहिरीच्या डोक्यावर एक व्हॉल्व्ह आणि नमुना घ्यायची बारीक नळी असते. ऑपरेटर हातातला मीटर घेऊन विहिरीमागून विहीर फिरतो: मिथेन किती, ऑक्सिजन किती, तापमान किती, दाब किती. मिथेन चांगला असेल तर व्हॉल्व्ह जरा उघडायचा. ऑक्सिजन चढायला लागला तर लगेच आवळायचा, कारण त्याचा अर्थ ओढ जास्त झाली आणि कुठल्यातरी भेगेतून बाहेरची हवा आत चालली आहे. हवा आत गेली की मिथेनचे जंतू मरतात हे एक, आणि ढीग आतल्या आत पेटू शकतो हे दुसरे. असली आग महिनोन्महिने धुमसते आणि वरून पाणी मारून विझत नाही.

दुसरी कटकट पाण्याची. ढिगातला वायू ऊबदार आणि ओलसर असतो. बाहेरच्या पाइपात आला की थंड होतो आणि पाणी सुटते. ढीग खचत असतो, त्यामुळे सरळ टाकलेल्या पाइपाला दोन वर्षांत पोट सुटते, त्या पोटात पाणी साठते आणि पलीकडच्या सगळ्या विहिरी बंद. कागदावरचा प्रकल्प आणि चालता प्रकल्प यांतला फरक अशा खोलगट पाइपांत सापडतो.

त्यानंतर वीज कशी बनते?

पाणी आणि धूळ काढून वायू थेट गॅस इंजिनात जातो. डिझेल जनरेटरसारखेच, फक्त इंधन वायू. मोठ्या जागी बॉयलर-टर्बाइनही वापरतात. इंजिनाला सर्वांत जास्त छळतात ती सिलोक्सेन नावाची द्रव्ये. शॅम्पू, डिओडोरंट, क्रीम यांतून ती कचऱ्यात येतात. इंजिनात जळली की त्यांची वाळू होते, अक्षरशः सिलिका. सिलिंडरचे डोके उघडले की आत पांढरट, टणक पापुद्रा दिसतो; स्पार्क प्लग त्यात बुजलेले असतात. उपाय म्हणून वायू सक्रिय कोळशातून गाळून घेतात, पण तो कोळसा वारंवार बदलावा लागतो आणि तो स्वस्त नाही.

किती वीज मिळते? आकडा सांगा.

निम्मा मिथेन असलेल्या एक घनमीटर वायूत सुमारे ५ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता असते. इंजिन त्यातला ३५ ते ४० टक्के भाग विजेत बदलते, म्हणजे पावणेदोन ते दोन युनिट. एक मेगावॉटचा संच चालवायला तासाला ५०० ते ६०० घनमीटर वायू सतत हवा.

अमेरिकी पर्यावरण संस्थेचा एक ठोकताळा आहे: ढिगात दहा लाख टन कचरा असेल तर साधारण ०.७८ मेगावॉट. हा तिकडच्या झाकलेल्या, नीट बांधलेल्या जागांचा हिशेब. पाया न घातलेल्या, उघड्या, अधूनमधून पेटणाऱ्या आपल्या ढिगांना तो जसाच्या तसा लावू नये. तरी मोठेपणा कळायला तो पुरतो. दोन मेगावॉट म्हणजे बिघाडाचे तास वजा जाता दिवसाला ४० हजार युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या बारा हजार घरांची गरज. कोयना १,९६० मेगावॉटची आहे. तेव्हा डम्पिंगच्या जोरावर शहर उजळेल, या कल्पनेला इथेच रजा द्यावी. वीज हा या कामाचा जोडधंदा आहे. खरे काम वायू हवेत जाऊ न देण्याचे.

मग नुसता जाळून टाकला तर काय बिघडले? धूर नाही का होत?

बिघडत काहीच नाही, उलट निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. मिथेन हा उष्णता धरून ठेवणारा जबर वायू आहे: शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून जास्त. जाळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो भाजीपाल्याने मुळात हवेतूनच घेतलेला असतो. बंदिस्त फ्लेअरमध्ये, म्हणजे वायू जाळायच्या धुराड्यात, ज्वाळा उंच तापमानाला जळते, धूर जवळपास दिसत नाही. माणसाच्या कारभारातून हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी सुमारे पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाणी यांतून येतो, म्हणून ही गोष्ट किरकोळ नव्हे.

आणि आपण मोजतो त्यापेक्षा तो जास्त असण्याचीच शक्यता अधिक. मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या चार शहरांवर उपग्रहांनी नजर ठेवून केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरांचा प्रत्यक्ष मिथेन नेहमीच्या हिशेबांपेक्षा १.४ ते २.६ पट निघाला.

मुंबईत असे काही झाले आहे का?

झाले आहे: गोराईला. बोरिवलीच्या खाडीकाठी १९७२ पासून कचरा टाकला जात होता. सुमारे १९.६ हेक्टर जागा, सरासरी २६ मीटर उंचीचा ढीग, आत २३.४ लाख टन कचरा, आणि अगदी लागून वस्ती. न्यायालयाच्या रेट्यानंतर पालिकेने २००७ ते २००९ या काळात ती जागा शास्त्रीय पद्धतीने बंद केली. ढिगाला उतार दिला, खाडीच्या बाजूने पाणी अडवले, प्लास्टिक आणि मातीचे आच्छादन घातले, वायूच्या विहिरी खणल्या आणि वायू फ्लेअरमध्ये जाळायची सोय केली. आज तिकडे पाहिले तर हिरवी टेकडी दिसते.

देशात हे नवीनच होते. पैशाची जोडणीही नवीन: मिथेन जाळल्याबद्दल मिळणारी कार्बन क्रेडिट, म्हणजे हवेत न गेलेल्या वायूची विकता येणारी प्रमाणपत्रे, आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीला विकायचा करार झाला आणि त्यातून आगाऊ रक्कम आली. आधीच्या ठोकताळ्याने गोराईचा हिशेब दोन मेगावॉटच्या आसपास येतो. पण ३५ वर्षे उघड्यावर कुजलेल्या, खाडीचे पाणी लागलेल्या ढिगाला ठोकताळे कळत नाहीत. अशा जागांवरचे प्रकल्प जगभर आधी सांगितलेल्या वायूपेक्षा कमी वायू देत आले आहेत, आणि कारण बहुधा एकच असते: अंदाज करणाऱ्याने आत पडलेला कचरा धरला, आत उरलेला नाही.

माझ्या मते गोराईचे मोजमाप विजेवर करूच नये. तिथली दुर्गंधी, आगी आणि खाडीत जाणारे काळे पाणी आटोक्यात आले, हेच त्या कामाचे उत्पन्न.

कांजूरमार्गला तर ‘बायोरिॲक्टर’ आहे म्हणतात. ते काय?

साध्या डम्पिंगमध्ये कचरा आपल्या गतीने कुजतो. बायोरिॲक्टर पद्धतीत खालून अस्तर घातलेल्या कप्प्यात कचरा भरतात, तो झाकतात, आणि त्यातून झिरपणारे पाणी, म्हणजे लीचेट, पुन्हा त्याच कप्प्यात फिरवतात. ओल मुबलक राहते, जंतू जोमात येतात, वायू लवकर आणि जास्त निघतो. काही वर्षांनी कप्पा उघडून आतला माल काढून जागा पुन्हा वापरायची, अशी कल्पना. कांजूरमार्गच्या वायूवर वीज बनवण्याची योजना या पद्धतीचाच भाग आहे.

कल्पना चांगली आहे, पण तिला एक अट आहे: कप्पा भरताना आणि भरल्यावर झाकण वेळच्या वेळी पडले पाहिजे. ते हलगर्जीपणे झाले तर जोमात निघालेला वायू आणि वास थेट शेजारी जातो. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातले लोक वर्षानुवर्षे वासाच्या तक्रारी करत आहेत आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, हे विसरून तंत्राचे कौतुक करता येत नाही.

देवनारचा वीजप्रकल्प हाच का?

नव्हे. देवनारला रोज ६०० टन कचरा घेणारा प्रकल्प आखला गेला तो कचरा जाळून, वाफेवर वीज करण्याचा. ढिगातल्या वायूशी त्याचा संबंध नाही.

देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. जागा प्रचंड, पण खाली अस्तर नाही, वर झाकण नाही. जानेवारी २०१६ च्या शेवटी लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. असा ढीग ओढ लावून वायू काढायला सगळ्यात वाईट: चारी बाजूंनी हवा आत येते. आता तिथल्या १८५ लाख टन जुन्या कचऱ्याचे बायोमायनिंग ठरले आहे, म्हणजे ढीग खणून, चाळून, माती-प्लास्टिक-दगड वेगळे करून जागा मोकळी करणे. एकदा तो रस्ता धरला की वायूच्या विहिरींचा प्रश्न उरत नाही. दोन्ही एकाच वेळी होणार, असे कोणी सांगत असेल तर नकाशा मागा.

जगात हे कुठे नीट चालले?

लॉस एंजेलिसजवळच्या पुएंते हिल्सला १९५७ पासून कचरा पडत होता. भरात असताना तिथे वायूवर ५० मेगावॉटच्या आसपास वीज होत होती. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस कचरा टाकणे थांबले, तरी वायू वर्षानुवर्षे येत राहतो, फक्त उतरत्या क्रमाने. दक्षिण कोरियात इंचॉनजवळच्या सुदोकवॉनला ५० मेगावॉटचे केंद्र २००७ पासून. मेक्सिकोतल्या मोंतेर्रेचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो: २००३ मध्ये सात मेगावॉटपासून सुरुवात, दिवसा त्या विजेवर शहराची मेट्रो आणि रात्री रस्त्यावरचे दिवे. गिऱ्हाईक घरातलेच, त्यामुळे वीज विकायला दारोदार फिरावे लागले नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. तिथला बिसासर रोडचा डम्प वर्णभेदाच्या काळात, १९८० मध्ये, क्लेअर इस्टेट या भारतीय वंशाच्या लोकांच्या वस्तीला लागून सुरू झाला. बंद करण्याची आश्वासने मिळत राहिली. मग वायूपासून वीज आणि कार्बन क्रेडिटचा प्रस्ताव आला. समोरच राहणाऱ्या साजिदा खान यांनी विरोध केला. मुद्दा असा की क्रेडिटची कमाई सुरू झाली की डम्प बंद करायची इच्छाच संपेल. जागतिक बँकेच्या कार्बन निधीने त्या जागेपासून हात आखडता घेतला. खान २००७ मध्ये कर्करोगाने गेल्या. पुढच्या वर्षी बिसासर रोडला इंजिने सुरू झाली, साडेसहा मेगावॉटची. तंत्र म्हणून प्रकल्प आफ्रिकेत नावाजला गेला. खान यांचा प्रश्न तरीही चुकीचा नव्हता, आणि आपल्याकडे वायूच्या उत्पन्नावर डोळा ठेवून डम्पिंगची मुदत वाढवायची भाषा सुरू झाली तर तोच प्रश्न विचारायला हवा.

स्फोट होऊ शकतो का?

नीट झाकलेल्या ढिगाच्या आत सहसा नाही, कारण तिथे हवा नसते. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच तो भडकतो. धोका असतो तो वायू जमिनीतून सरकून बंद जागेत साठला तर: तळघर, गटाराचे चेंबर, मीटरची खोली. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या लॉस्को गावी २४ मार्च १९८६ च्या पहाटे एक बंगला असाच उडाला. शेजारी बुजवलेला जुना डम्प होता. त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला आणि जमिनीत दाबून बसलेला वायू बाहेर आला. घरातले तिघे जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर ब्रिटनमध्ये जुन्या डम्पभोवती वायू मोजण्याचे नियम कडक झाले.

आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही मर्यादा घालून दिली होती: डम्पच्या जागी मिथेन स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या २५ टक्क्यांवर जाता कामा नये, म्हणजे हवेत सव्वा टक्का. मोजतो कोण, हा वेगळा विषय.

पैशाच्या हिशेबात परवडते का?

नुसत्या विजेवर क्वचित. २००५ ते २०१२ या काळात कार्बन क्रेडिटचा भाव होता, तेव्हा बरेच प्रकल्प उभे राहिले. २०१२ नंतर भाव कोसळला आणि अनेकांचा आधार गेला. दुसरीकडे मोठ्या सौर प्रकल्पांची वीज आपल्याकडे अडीच-तीन रुपये युनिटने मिळू लागली. डम्पच्या विजेची एक जमेची बाजू आहे, ती रात्रीही मिळते. पण तेवढ्यावर इंजिन, कोळसा आणि ऑपरेटरचा पगार निघत नाही. वायू जाळायचा खर्च डम्प बंद करण्याच्या खर्चात धरावा आणि वीज निघाली तर ती वरकड समजावी. ‘पालिकेला एक पैसा खर्च नाही’ असे सांगणाऱ्या निविदेकडे मी संशयानेच पाहीन.

मग ओला कचरा डम्पिंगलाच जाऊ द्यावा का? तेवढाच वायू वाढेल!

हा प्रश्न थट्टेने विचारला जातो, पण काही अहवालांचा सूरही असाच असतो. उत्तर स्पष्ट आहे: नाही. उत्तम बांधलेल्या डम्पमध्येही वायूचा मोठा भाग विहिरी लागायच्या आधीच निसटतो. तोच ओला कचरा बंद टाकीत कुजवला तर जवळजवळ सगळा वायू हाती येतो आणि वर खत मिळते. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले निसर्गऋण संयंत्र याच तत्त्वावर चालते. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला ५५० टनांचा प्रकल्प वायू शुद्ध करून त्याचा सीएनजी करतो. मुंबईत हाजी अलीजवळ हॉटेलांच्या उरल्या अन्नावर वीज करून विजेच्या गाड्या चार्ज करायचे छोटे केंद्र त्याच वर्षी उघडले.

ज्या कोरियाचे ५० मेगावॉट वर सांगितले, त्यांनी २००५ पासून अन्नाचा कचरा थेट डम्पमध्ये टाकायला बंदीच घातली आहे. जुन्या ढिगाचा वायू वापरायचा, पण नवा ढीग वाढवायचा नाही.

अट एकच: ओला आणि सुका घरातच वेगळा हवा. बायोगॅसच्या टाकीत प्लास्टिकच्या पिशव्या आणि सॅनिटरी पॅड गेले की पंप आणि ढवळणी अडकतात, मग दुरुस्तीला माणूस टाकीत उतरवायची वेळ येते.

आमच्या गावचे जुने डम्पिंग बंद होत आहे. पालिकेला काय विचारावे?

ढिगात कचरा किती आणि कोणत्या वर्षांचा, हे पहिले. दहा-पंधरा वर्षांपूर्वी पडलेलाच कचरा असेल तर विजेचा नाद सोडून बायोमायनिंग किंवा साधे झाकण पाहावे. खोदाई करून वायूची चाचणी घेतली का, की सगळे संगणकाच्या आकड्यांवर चालले आहे? चाचणीच्या विहिरींतून काही आठवडे वायू ओढून पाहिल्याशिवाय इंजिन मागवू नये. आच्छादन घालून झाल्यावर भेगा बुजवायचे आणि वायूच्या पाइपांत साठलेले पाणी काढायचे कंत्राट किती वर्षांचे? हे काम पाच वर्षांत संपत नाही, पंधरा-वीस वर्षे चालते. डम्पच्या हद्दीवर वायू मोजायच्या विहिरी आहेत का आणि त्यांचे आकडे कुणाला पाहायला मिळतात? आणि फ्लेअर बंद पडला तर त्या दिवशी वायू जातो कुठे, त्याची नोंद कोण ठेवतो? माहिती अधिकारात हेच मागा: फ्लेअरच्या तापमानाची महिन्याची नोंदवही आणि प्रत्येक विहिरीचे मिथेन-ऑक्सिजनचे तक्ते. प्रकल्प चालू असेल तर ते कागद एका दिवसात निघतात.